गाझियानतेपची कॉफी

गाझियानतेप या जुन्या तुर्की शहराचे अस्सल पदार्थ मेलबर्नमध्ये मिळतात असं कळल्यावर यतिन लग्नाच्या वाढदिवसाला देवयानीला पॉइंट कुक या उपनगरातल्या घरून त्या रेस्टॉरंटात घेऊन गेला. पिस्त्याची अ‍ॅलर्जी तिच्या जिवावर बेतते. मागे एका घासाने ती आयसीयूत पोचली होती. त्या शहराच्या स्वयंपाकाचं तर पिस्त्याशिवाय पान हलत नाही. त्यामुळे यतिन प्रत्येक पदार्थाला वेटरला विचारत होता, "यात पिस्ता नाही ना, मेट?" पिस्त्याने भरलेली बकलावा ही मिठाई तर त्याने टेबलावर ठेवूही दिला नाही.

"आज भलतीच काळजी! घरी दूध उतू गेलं तरी तुझं लक्ष नसतं," देवयानी हसली.

"बरं, आता ही कॉफी घे. त्यांची खासियत आहे. बिनधास्त पी."

अर्धा कप संपला आणि तिचे ओठ बधिर झाले, घसा आवळू लागला. तिने कॉफी घेऊन आलेल्या दुसऱ्या वेटरला कसंबसं विचारलं, "ही कॉफी कशाची आहे?"



"रानपिस्त्याची," तो अभिमानाने म्हणाला. "तुमच्या मिस्टरांनी सकाळीच फोन करून तीच मिळेल ना, याची खात्री करून घेतली होती."