चहा निवायच्या आत

"यावर कोणाचाही विश्वास बसायचा नाही," चष्मेवाला म्हणाला, "पण घटस्फोट झालेल्या नवरा-बायकोचा वाद एका दुपारी मिटला. समोर ठेवलेला चहा निवायच्या आत."

बाकावर बसलेल्या पोस्टमनला एकदम खोकला आला. निवृत्त झाल्यापासून त्याची दुपार याच दुकानात जायची आणि ही गोष्ट त्याला तोंडपाठ होती.

काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या मुलीच्या चष्म्याची काडी निखळली होती. पाठीला कॉलेजची पिशवी, डोळे बारीक केलेले. चष्म्याशिवाय तिला समोरचा चष्मेवालाच धूसर दिसत होता, तिथे त्याच्या मागच्या भिंतीवरचा फोटो कुठला दिसायला.

"कसला वाद?" तिने विचारलं. काडी बसेपर्यंत वेळ काढायचाच होता.

चष्मेवाल्याला एवढंच हवं होतं. त्याने चिमट्यात बारीक स्क्रू धरला.

"लेकीच्या कॉलेजचा. फी कोणी भरायची? आई म्हणते, बाप भरेल. बाप म्हणतो, आई भरेल. लेक लटकली मधल्या मध्ये. शेवटी तिनेच कुटुंब सल्ला कचेरीत अर्ज ठोकला. दोघांना बोलावणं आलं. आणि कॉलेजात पैसे भरायची मुदत नेमकी त्याच दिवशी संपणार. खिडकी बंद झाली की जागा गेली."

"बाप म्हणजे तुम्ही?"

"दुसरा कोण? कचेरी तिसऱ्या मजल्यावर. लेकीने एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हाताने तिच्या आईला, आणि जिना चढवला. सोडलं तर पळून जातील, अशी धास्ती असावी."

"तिची आई नसती पळाली," पोस्टमन म्हणाला. "तुझं सांगता येत नाही."

"तू आपली टपाल वाट, गोष्ट मी सांगतो. तर आत साहेब. लेकीला अहो-जाहो करत होता. 'बसा बाई, काय म्हणणं आहे तुमचं?' सज्ञान झालं की सरकारी माणसाला पोरसुद्धा बाई वाटते. लेकीने कॉलेजचं माहितीपत्रक काढलं, हात लांब करून धरलं आणि वाचून दाखवलं. वनस्पतीशास्त्र, पहिलं वर्ष. लहानपणापासून झाडपाल्याचं वेड. माझ्या कोटाच्या खिशात हात घातला की बिया लागायच्या."

मुलीने मान वर केली. "वनस्पतीशास्त्र?"

"तेच. साहेब म्हणाला, कायद्याचं विचाराल तर मुलगी सज्ञान आहे, तुमच्यावर सक्ती नाही. दोघंही आत्ता उठून घरी जाऊ शकता."

इथे थांबायचं, हे चष्मेवाल्याचं ठरलेलं होतं. पण दर वेळी इथेच स्क्रू चिमट्यातून निसटायचा, ते मात्र ठरलेलं नव्हतं. आजही निसटला. त्याने तो काचेवरून बोटाच्या टोकाने उचलला.

"मग?"

"मग काय, डोक्यावरचा पंखा फिरायचा थांबला."

"वीज गेली होती," पोस्टमन म्हणाला.

"पंखा ऐकत होता. मी उठलो. म्हटलं, सगळी फी मी भरतो. तर तिची आई उठली. म्हणाली, 'तुम्ही बसा. मी तुमच्या आधीच उठणार होते, गुडघा आडवा आला.' मी म्हटलं, लेक माझी आहे. ती म्हणाली, 'मग मला काय रस्त्यात सापडली होती?' भरणार नाही म्हणून भांडणारी माणसं साहेबाने रोज बघितलेली. मीच भरणार म्हणून भांडणारी पहिल्यांदाच. त्याने पेन खाली ठेवलं. शेजारच्या दोन कचेऱ्यांतले कारकून दारात जमले. काहींनी येताना खुर्च्या आणल्या."

"मागच्या वेळी कचेरी एकच होती."

"मागच्या वेळी एकच मोजली, दुसरी राहिली होती. लेक दोघांच्या मध्ये बसलेली. आईच्या कपातली साखर ढवळत म्हणाली, 'निम्मी निम्मी भरा. पण खिडकीपाशी दोघांनी मिळून यायचं.' गेलो. रांगेतली पोरं म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. तिची आई कोणाचं ऐकते? म्हणाली, मी माझ्या नंबरानेच जाईन. मी घड्याळ बघतोय. पण खिडकीचं दार खाली यायच्या आत पावती लेकीच्या मुठीत."

"मुठीत होती खरी," पोस्टमन म्हणाला. या जागी तो कधी खोड काढत नसे.

काउंटरवर मऊ कापडात एक नवा चष्मा ठेवला होता. चष्मेवाल्याने तो उगाचच पुन्हा एकदा पुसला.

"हा तिचा. संध्याकाळी येईल न्यायला. फुकट घे म्हटलं तर म्हणते, निम्मे पैसे आईकडून घ्या. आता रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे जातो, झाडांची शास्त्रीय नावं पाठ करून घेतो. तिची आई माझ्या उच्चारांना हसते. हसू दे. इतकी वर्षं गाल फुगवून बसली होती, त्यापेक्षा बरं."

काडी बसली. त्याने काचा पुसून चष्मा मुलीच्या नाकावर अलगद चढवला, कानामागे दाबून बघितला. "टोचतो?"

मुलीने मान हलवली. तिने दोनदा पापण्या मिटल्या, उघडल्या. आरसा स्वच्छ झाला, पोस्टमनच्या मिशा स्वच्छ झाल्या, आणि मागच्या भिंतीवर कॉलेजच्या फाटकाशी उभी असलेली तीन माणसंही. ती काउंटरवर ओणवी होऊन फोटोकडे बघत राहिली.

"एका दुपारी मिटला?" ती म्हणाली. "थाप मारताय, आजोबा. या मधल्या तर आमच्या वर्गातल्या मावशी, माझ्याच बाकावर बसतात. त्या सांगतात, 'मी अठराची होते तेव्हा कॉलेजला निघाले होते, पण फी कोणी भरायची हे ठरवायला आईबाबांना चौतीस वर्षं लागली.'"