भिंतीवरचा फोटो

आधार, पॅन, भाडेकरार, लग्नपत्रिका. हेरंबने सही केलेली एकेक झेरॉक्स माझ्या टेबलावर मांडली. तीस वर्षांच्या वकिलीत इतका टापटीप अशील मी पाहिला नव्हता.

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको रेवती फुगून बसली होती. “मॅडम, याला बारा वर्षांत एकदाही लाईटबिल सापडलं नाही. आणि घटस्फोटाची फाईल बघा कशी लावलीय!”

चूक काढल्याशिवाय रेवती सही करणार नाही, हे मला दिसतच होतं. शेवटी लग्नाचा फोटो तिच्या हाती लागला.

“हा असा वाकडा का? माझ्या तोंडावर ट्यूबलाईट चमकतेय.”

“मोबाईलवर काढलाय. भिंतीवरचा, खालून.”

“अजून भिंतीवर आहे?” तिचा आवाज खाली आला. “मग उतरवायचा ना.”

“घर सोडताना स्टूल तू नेलंस.”

वर्षभरात या माणसाला एक खुर्ची मिळाली नाही? मी विचारलं नाही. खरं तर तो फोटो चालला असता. तरी मी चष्मा पुसत म्हटलं, “हा चालणार नाही. मूळ फोटो लागेल.”

“शनिवारी स्टूल घेऊन येते,” रेवती म्हणाली. “एकटा चढला तर पडेल हा.”

“चहाला दूध आणून ठेवतो,” हेरंब फाईलकडे बघत पुटपुटला.

मसुद्यात मी आधीच टाईप केलं होतं, ‘उभयतांनी पुन्हा एकत्र नांदण्याची शक्यता उरलेली नाही.’ ते दोघं जिना उतरल्यावर त्या ओळीपुढे मी पेन्सिलीने लिहिलं: सोमवारी विचारणे.