यशोधनला जीवदान

विमलबाईंच्या पायांवर डोके टेकवताच गंगासागरचा बांध फुटला. परळीहून वडवणीपर्यंत एसटीत तिने आवरून धरलेले रडे त्या अनोळखी अंगणात मोकळे झाले.

"अगं बाई, कोन तुमी? उठा आदी," विमलबाई गोंधळून म्हणाल्या. त्यांच्या हातातले ज्वारीचे सूप कलंडता कलंडता राहिले.

"मी गंगासागर, परळीची. आई, तुमची रुद्राणी गेल्याचं कळलं. राहवलं नाही, म्हणून आले."

"गेली? कुठं गेली?" विमलबाईंनी वळून आत पाहिले. "गिरणीतून दळन घिऊन आत्ताच आली की. रुद्रे, ए रुद्रे! भायेर ये बघू."

बाहेर आलेल्या मुलीचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. वय विशीच्या आसपास, अंगाने धडधाकट. पाहुणी कोण हे कळताच तिचा चेहरा उतरला. "आये, चहा टाक की," ती कसेबसे म्हणाली. विमलबाई पुटपुटत आत गेल्या.

केबल घरोघर पोहोचून आणि परळीच्या मोंढ्याजवळ, वडवणीच्या स्टँडसमोर सायबर कॅफे उघडून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. ज्या मालिकेवर गंगासागर आणि रुद्राणी या दोघींचा जीव होता, ती वाहिनीने एकाएकी बंद केली. शेवटच्या भागात नायक यशोधन रुग्णालयात बेशुद्ध होता आणि त्याची पत्नी वसुधा गावाहून निघाली होती. ती वेळेवर पोहोचली की नाही, हे कुणीच सांगितले नाही. तेव्हा इंटरनेटवरच्या एका ग्रुपात जमलेल्या रसिकांनी पुढची कथा आपापल्या परीने लिहायला घेतली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पुण्याच्या, नागपूरच्या, थेट अमेरिकेतल्या बायका एकमेकींना भाग धाडत. त्या साऱ्यांत गंगासागरच्या भागांची वाट अधिक पाहिली जाई.

तिने सर्वांत आधी लिहिला तो शेवट. वसुधा पोहोचते. यशोधनचे मस्तक मांडीवर घेते, ओठांना पाणी लावते, बोलायचे राहिलेले सारे बोलते, आणि तो शांतपणे जातो. संगमेश्वर, गंगासागरचा पती, घाटातल्या एका अपघातात गेला होता. चेहरा पाहण्याजोगा उरला नाही म्हणून पुरुषांनी लिंगायत रीतीने परस्पर समाधी दिली. तिला जवळही येऊ दिले नाही. तो एक निरोप लिहावा आणि कुणीतरी तो वाचावा, एवढ्यासाठीच ती लिहायला बसली होती. हे मात्र तिने कुणाला सांगितले नव्हते.

कथेला शेवटाची चाहूल लागली आणि रुद्राणीचा मेल आला. मला रक्ताचा आजार आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, मी आहे तोवर यशोधनला मारू नका. गंगासागरने शब्द दिला. लिहिलेला निरोप बाजूला ठेवला आणि वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, नवे निमित्त काढून त्या माणसाला जगवले. वाचणाऱ्या कंटाळल्या, एकेक करून गळाल्या. तिने शब्द मोडला नाही. न पाहिलेल्या त्या पोरीसाठी दर सोमवारी वैजनाथाला बेल वाहिला, अंगारा पाठवायला तिचा वडवणीचा पत्ताही मागून घेतला. आणि परवा रुद्राणीच्या भावाचा मेल आला, की ती गेली.

"आजार कसला होता?" गंगासागरने विचारले.

रुद्राणी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली. "न्हवताच."

"आणि मेल लिहिणारा भाऊ?"

"मीच लिवला. भाऊ न्हाई मला." मग एकदम धीर आल्यासारखी ती भराभरा बोलू लागली. "रागावू नका ताई. पुन्याच्या बाया दवाखान्याचं नाव विचारायल्या होत्या. एकजन तर रक्त द्यायला येते म्हनली. काय सांगनार? मंग मरूनच टाकलं."

"मी वर्षभर तुझ्यासाठी देवाला हात जोडत होते, रुद्राणी."

"मी तरी कुठं सोतासाठी केलं? तुमी त्याला मारायला निघालता. त्याला वाचवायला दुसरं काय होतं माज्याकडं?" तिचा आवाज चिडका झाला. "हसतं-खेळतं मानूस हट्टानं मारायचं! इतक्या कशा निर्दय वो तुमी?"

गंगासागरच्या डोळ्यांतले पाणी आटले. निरोपाच्या दारात तिला दुसऱ्यांदा कुणीतरी अडवले होते. आणि या वेळी, दयेची भीक मागून.

"परवापासून ग्रुप उघडला नाहीस?" तिने शांतपणे विचारले.

"न्हाई. माज्यावरच रडलेलं कसं वाचू? लाज वाटती." रुद्राणीने मान वर केली. "कावून?"

"तू आहेस तोवर, एवढाच माझा शब्द होता. तू गेल्याचं कळलं, त्याच दुपारी मी शेवटचा भाग टाकला."

रुद्राणीला उमगायला क्षणभर लागला. मग ती मटकन खाली बसली. पिठाच्या हातांनी तिने तोंड झाकले, तरी हुंदका आवरेना. "मीच मारलं वो त्याला! ताई, मीच मारलं!"

विमलबाई चुलीवरचा चहा तसाच सोडून धावत आल्या. लेक भुईवर पडून आक्रोश करीत होती. सांत्वनाला आलेली बाई कोरड्या डोळ्यांनी उभी होती.

"अगं, झालं काय? कोन गेलं?"

गंगासागरने डोक्यावरचा पदर नीट केला.

"माझे यजमान," ती म्हणाली.