ह्या दोघांची बी नावं घाला

शिबिराच्या शेवटच्या दिवशी द्वारकाबाई लेकीला न्यायला आली, ती धाकट्या बिरूला आणि छकुलीलाही संगं घेऊनच. दोघांची तोंडं धुतलेली, केसांना तेल, बिरूच्या अंगात गुडघ्यापर्यंत येणारा कुणाचा तरी शर्ट. बारामतीच्या त्या सभागृहाच्या दारात तिनं चपला काढल्या आणि सृष्टी दिसल्याबरोबर विचारलं, "दाखला कुठं भेटतोय?"

आई कुठला दाखला म्हणतेय, ते सृष्टीला लगेच कळलं.

चूक तिचीच होती. आदल्या दिवशी आईनं फोनवर विचारलं, उद्या काय हाय म्हणून. सर म्हणाले होते, प्रमाणपत्रं देणार आहोत. आता कऱ्हाटीच्या माळावरच्या पारधी वस्तीत हा शब्द कुणाच्या जिभेवर बसणार? तिथं साधा कागद तो कागद आणि शिक्क्याचा कागद तो दाखला. सृष्टी म्हणाली, "दाखला देनार हायेत." आणि वस्तीला दाखला एकच माहीत होता, जातीचा.

त्या दाखल्यासाठी तीनदा अर्ज झाला होता. तिन्ही वेळा एकच उत्तर, पन्नास सालाच्या आधीचा पुरावा आणा. बारावीला सृष्टीला चांगले मार्क पडले होते, नर्सिंगची राखीव जागा मिळण्यासारखी होती. पण जूनअखेर दाखला नसला की जागा गेली, आणि पोरगी पुन्हा आईमागं लोकांच्या रानात कांदा काढायला.

शिबिर तसं झकास झालं होतं. आदिवासी पोरापोरींना सात दिवसांत चौदा करिअर दाखवून झाली. लोणी देवकरला कारखाना दाखवला. भिगवणला पाण्यावरचे पक्षी दाखवून गाइड कसं व्हायचं ते सांगितलं, आणि पक्ष्यांविषयी पारध्याच्या पोरांनाच माहिती दिली. कलचाचणीही झाली. सृष्टीचा कल आरोग्यसेवेकडे निघाला. तो तिसरीपासून तिकडेच होता, आता छापून मिळाला एवढंच.

शिबिराचे प्रमुख रणजित सर म्हणजे सोन्यासारखा माणूस. त्यांनी द्वारकाबाईला खुर्ची दिली, चहा मागवला. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. कप दोन्ही हातांत धरून बसली, तरी चहा प्यायचं तिला सुचेना.

"सायेब," ती म्हणाली, "ह्या दोघांची बी नावं घाला. बारकी हायेत, पन फुडं लागतंयच की."

सर हसले. छापली होती चाळीस आणि मुलं आली होती सव्वीस, तेव्हा कोरी प्रमाणपत्रं पडलीच होती. "घालू की मावशी. आत्तापासून गोडी लागलेली बरी." त्यांनी पेन काढलं आणि वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. "हिचं शाळेतलं नाव काय?"

"छकुलीच."

"आणि आडनाव?"

"काळे."

सृष्टी सरांच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, आईला वाटतंय, हा जातीचा दाखला हाय."

"अगं, तो तहसीलमधून मिळतो," सर लिहिता लिहिता म्हणाले. "पुरावा जोडायचा, की मिळून जातो. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल बघ घरात कुठंतरी."

सृष्टीच्या पणज्याला गावात दिवसासुद्धा कुणी उभं करत नव्हतं. शाळा सोडायला आधी शाळेत जावं लागतं.

"तू समजाव तिला नीट," सर म्हणाले आणि त्यांनी तिन्ही कागदांवर शिक्के मारले. जांभळे, गोल, ठळक.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. एसटी स्टँडाकडे जाताना द्वारकाबाई एका दुकानाच्या सावलीला थांबली. कागदांना हातांचा घाम लागू नये म्हणून तिनं ते पदरात धरले होते. "चार-पाच वर्सं झाली, हापिसाच्या खिडकीत उभी ऱ्हाते मी," ती म्हणाली. "कुनी बस म्हनलं न्हाय. आन हितं च्या पाजून दिलं. तुज्यामुळं झालं बघ."

"आये..." सृष्टी म्हणाली.

"काय गं?"

आई हसत होती. अर्ज परत आला तेव्हा, कांद्याच्या रानातून घरी येताना, कधीच तिचा चेहरा असा नसायचा. उद्या तहसीलची खिडकी सांगणारच होती, मग आज आपण कशाला सांगायचं, असं सृष्टीनं स्वतःच्या मनाला बजावलं. आणि तसं बजावताना आपण भित्रेपणा करतोय हेही तिला कळत होतं.

"नर्स हुशील न्हवं आता?"

"व्हय," सृष्टी म्हणाली.

छकुली यंदा दुसरी पास झालेली. आपल्या नावाचा कागद कधी हातात येतोय असं तिला झालं होतं. आईनं पदर जरा सैल केला तसा तिनं आपला कागद ओढून घेतला आणि वरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लागली.

"स... ह... भा... ग. सहभाग." ती थांबली. "आये, ही आपली जात हाय व्हय?"

सृष्टीनं रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"आसंल," द्वारकाबाई म्हणाली. "आपल्याला नावं ठिवायचं काम आजवर शिक्केवाल्यांनीच केलंय."