उघडे स्क्रू

"एकबी स्क्रू दिसला न्हाई पाह्यजे," परमेश्वर म्हणाला आणि त्यानं पाकीट शीतलच्या हातात ठेवलं.

पाकिटात टिकल्या होत्या. कपाळाच्या नव्हेत, कपाटाच्या. फळीच्याच सागवानी रंगाच्या, कागदावर ओळीनं चिकटवलेल्या. स्क्रूच्या डोक्यावर एकेक दाबून बसवली, की खाली स्क्रू आहे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

शीतलनं मान हलवली. गुरुवार होता. गुरुवारी आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तिचं मौन असायचं, आणि चार वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. शेजारच्या बायासुद्धा त्या दिवशी हाक न मारता कडी वाजवायच्या. ती ओट्याखालच्या कपाटापुढं बसली आणि मनात देवाचं नाव घेत एकेक टिकली अंगठ्यानं दाबू लागली.

बारा दिवसांपूर्वी ही कपाटं खोक्यांतून आली होती. सुट्या फळ्या, बिजागऱ्या, स्क्रूंच्या पिशव्या आणि कसं जोडायचं त्याच्या चित्रांचा एक कागद. परमेश्वरनं पहिल्याच दिवशी दोन फळ्या उलट्या जोडल्या, ड्रिल आपटलं आणि तडक शेत गाठलं. मग शीतलनं तो कागद पोथीसारखा पुढ्यात उघडा ठेवला आणि सहा दिवसांत एकटीनं सगळं उभं केलं.

"आत्यानं इचारलं तर जालन्याचा मिस्त्री आल्ता म्हणीन मी," परमेश्वर दारातून म्हणाला. "बायकोनं बसवलं म्हणलं, तर तीर्थपुरीच्या एका हॉटेलात चहा पिऊ देतील का मला? अन् आत्याच्या तोंडाला तर कुलूपच न्हाई." मग तो हसला. "बरं झालं, आज गुरुवार हाये."

शीतलचा अंगठा टिकलीवर तसाच राहिला. आत्या रविवारी येणार होती. परवा फोन करून यानंच तिला आज बोलावलं होतं.

पुष्पाबाई आत्या शहागडहून आली ती पाणी पिऊन थेट स्वयंपाकघरातच शिरली. एक दार उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. खण ओढून आत ढकलला.

"आगं बया! आवाजच न्हाई की!" तिनं फळीवरून तळवा फिरवला. "अन् स्क्रू कुठं मारलेत, शोधून सापडंना. परमा, माझी असलीच खोकी पडल्यात घरात. त्यांच्यावर कोंबडी बसून राह्यलीय. गावातला मिस्त्री रोज उद्या म्हणतो. तुझा कोण हाये?"

"जालन्याचा. शिवाजी मिस्त्री."

"नंबर दे जल्दी."

"फोन लागत न्हाई त्याचा. लई कामं असत्यात."

"असणारच की. हाताला गुण हाये माणसाच्या." आत्या शीतलकडं वळली. "कसा हाये गं सभावानं? घरात घेण्यासारखा हाये ना?"

"आत्या, तिचं मौन हाये आज."

"हां, गुरुवार न्हाई का! मी बी येडीच." आत्यानं कानाला हात लावला. "बोलू नको बाई, नुसती मान हलव. चांगला हाये ना मिस्त्री?"

परमेश्वरनं आत्याच्या पाठीमागून शीतलकडं पाहिलं. हलव, असं त्याचे डोळे म्हणत होते.

शीतलच्या हातात चहाचा ट्रे होता. ओठ मिटून मान तेवढी हलवायची. व्रत कुठंही मोडत नव्हतं. पण देवासाठी मिटलेल्या तोंडाआड बसून तिनं खोट्याला हो म्हणायचं होतं.

तिनं ट्रे ओट्यावर ठेवला. कपाटापुढं मांडी घातली, नख पहिल्या टिकलीखाली घातलं आणि टिकली सोलून काढली. मग दुसरी. मग तिसरी.

"शीतल! काय करून राह्यली?"

"अगं, चांगलं दिसतंय ते कामून काढती?" आत्या खाली वाकली.

शीतल थांबली नाही. एक बाजू पूर्ण उघडी पडली. वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत चकाकणारे आठ स्क्रू. मग ती उठली. तिनं डाळीच्या डब्यामागून पेचकस काढला, दार उघडलं आणि बिजागरीतला बारका स्क्रू दोन फेरे उलटा फिरवला. दार तिरपं झालं. आत्यानं "अरे अरे" केलं. शीतलनं दोन फेरे सुलटे दिले आणि दार एका बोटानं लोटलं. ते बरोबर जागेवर येऊन मिटलं. आवाज झाला नाही.

आत्या दाराकडं बघत राहिली. मग शीतलच्या हाताकडं.

"परमा," ती म्हणाली, "तुझ्या शिवाजी मिस्त्रीच्या हातात बांगड्या हायेत की रे."

मग ती शीतलकडं वळली.

"उद्या येती का पोरी शहागडला? मी जीप पाठविते."

या प्रश्नाला शीतलनं मान हलवली. चांगली दोनदा.

आत्या चहाचा कप घेऊन बाहेर गेली. परमेश्वर खाली बसला. फरशीवर पडलेली एक टिकली त्यानं उचलली, फुंकर मारून स्क्रूवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबून धरली. अंगठा काढताच ती गळून पडली. त्यानं दुसरी उचलली.

शीतल तोवर पुढच्या कपाटापाशी जाऊन बसली होती आणि तिचं नख तिथल्या पहिल्या टिकलीखाली गेलं होतं.