खुर्शीदबींची उत्तरं

“उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतं, हे खरं का बाई?” पानवाल्या धम्मानंदनं विचारलं.

“खरं असतं तर निवडणुकीत पुढाऱ्यांना घासभर भाकर गिळता आली नसती,” खुर्शीदबी म्हणाल्या. “छाती आन पोटाच्या मधी एक पडदा असतो. तो आखडला की उचकी. घोट घोट पाणी पी, जाईल.”

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बाईंची उभी हयात गेली. आता रिकाम्या घरात त्यांचं मन रमेना. म्हणून कळमनुरीच्या आठवडी बाजाराला त्या नवऱ्यासोबत यायच्या. इब्राहीमभाई बकऱ्यांचे व्यापारी. ते दावणीशी, बाई लिंबाखाली बाजेवर. आणि फुकट मिळतंय म्हटल्यावर माणसं काय, गठुडं भरून प्रश्न आणायची. डोळा काहून लवतो, रात्रीचं दही बाधतं का, एकानं जांभई दिली की दुसऱ्याला का येते. बाई कोणाला हसायच्या, कोणाला झापायच्या, पण उत्तराशिवाय कोणाला सोडायच्या नाहीत.

त्यात तांड्यावरचा हिरासिंग गेले काही बाजार नेमानं येऊन राहिला होता. लांब उभा राहायचा, सगळ्यांचं ऐकायचा आणि काही न विचारताच निघून जायचा. बाईंना ते बरं वाटायचं नाही. ज्याला काही विचारायचंच नाही, तो उन्हात ताटकळत कशाला उभा राहील?

ईद तोंडावर आली होती. दोन दात आल्याशिवाय कुर्बानीला बकरा चालत नाही, आणि व्यापाऱ्याच्या शब्दावर तर कोणी विश्वास ठेवत नाही. इब्राहीमभाई सकाळपासून एकेकाचे जबडे उघडून गिऱ्हाइकांना दात दाखवत होते. मधेच उजवा हात झटकत ते लिंबाखाली आले.

“आमालाबी एक सांगा. हाताला मुंग्या काहून येऊन राहिल्या?”

“रातभर उशाखाली घेऊन झोपता, म्हणून. शीर दबती. कूस बदलत जा.”

“बघा. पानवाल्याला पडद्यासकट उत्तर, आन घरच्याला कूस बदल,” इब्राहीमभाई म्हणाले आणि दावणीकडं परतले.

सगळे हसले. हिरासिंग हसला नाही.

गर्दी पांगली तसा तो पहिल्यांदाच पुढं आला. बाजेपासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

“बाई, पिसाळलेलं कुत्रं बकऱ्याला चावलं तर बकराबी पिसाळतो का?”

“व्हय. लाळ गळती. चारा सोडतो. घशात काही अडकल्यावानी करतो. काहून विचारता?”

“उगंच.”

खुर्शीदबींनी त्याच्या पायांकडं पाहिलं. उगंच विचारणारा माणूस असा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसत नाही.

“हिरासिंगभाऊ, तुमच्याकडं झाला का असा बकरा?”

“झाला व्हता. पर कुत्रं पिसाळलेलं व्हतं हे आमाला मागून कळलं. बकरा चारा खाईना, तवा आमची घरवाली भिकाबाई म्हणली, इकून मोकळं व्हा.”

“आन तुमी इकला.” बाईंचा आवाज चढला. “कोणाच्या घरात घातला तो? तिथं लेकरंबाळं असतील, कापणारा असंल. इतके बाजार मुक्यानं उभे राहिले तुमी. लाज वाटाया पाहिजे. नाव सांगा त्या माणसाचं.”

“न्हाई इकला, बाई. घरीच मेला. जनावराच्या डॉक्टरनं सांगितलं तसा खोल गाडला.”

“खरं सांगा.”

“लेकराची आन.”

“त्याच्या तोंडात हात कोणी घातला व्हता?”

“मी आन भिकाबाईनं. औषध पाजाया. डॉक्टरनं दटावलं, मग दोघांनीबी सगळ्या सुया घेतल्या.”

बाईंनी मोठा श्वास सोडला. एवढ्या भल्या माणसाला आपण नको ते बोललो, म्हणून त्यांना ओशाळं वाटलं. त्यांनी बाजेवर सरकून त्याला जागा केली.

“मग झालं की. शहाण्यावानी केलं तुमी. सुया घेतल्या, आता भ्यायचं काय काम?”

हिरासिंग बसला नाही.

“आन एखाद्यानं न्हाई घेतल्या तर?”

“तर महिना, दोन महिने काहीच कळत न्हाई. माणूस जेवतो, हसतो, धंदा करतो. मग चावलं त्या जागेला काहीतरी व्हाया लागतं. आन एक दिस पाण्याचा घोट खाली उतरत न्हाई.”

“व्हाया लागल्यावर सुई दिली तर?”

“आधीच द्यावी लागती, भाऊ. एकदा सुरू झालं की जगात कुठंच औषध न्हाई. मी एका माणसाला तसं जाताना पाहिलंय. दुश्मनावरबी ती येळ येऊ नये.”

हिरासिंग मातीतच खाली बसला आणि त्यानं टॉवेलात तोंड खुपसलं.

“तेच सांगाया येऊन राहिलो व्हतो, बाई. धीरच झाला न्हाई. वाटलं, काही झालं नसंल.”

“काय सांगाया?”

“तो बकरा मी ह्याच बाजारात आणला व्हता. दात पाहाया तोंडात हात घातला तर त्यानं बोट चावलं. आजारी हाय म्हणून माघारी धाडला, इब्राहीमभाईंनी.”