हात न लावता

अमरावतीत रोबोटनं गर्भपिशवीची ऑपरेशनं करणारी डॉक्टर प्राजक्ता दीड वर्षानं अंजनगावला आईकडे, मैनाबाईंकडे, आली. टीव्हीखालच्या खणात तिला अकोल्याच्या एका दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. तीन महिन्यांपूर्वी मैनाबाईंची पिशवी काढली होती, पोट उघडून, जुन्या पद्धतीनं. नातेवाईक म्हणून सही होती शेजारच्या रूपालीची.

"आई, मले कावून नाही सांगितलं? हेच तर काम आहे माझं."

मैनाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथं लेकीच्या फोटोसकट पेपरातली बातमी फ्रेम करून लावली होती. मथळा होता, 'पेशंटला हात न लावता शस्त्रक्रिया'.

"खरं हाय ना हे?"

"हो. मी बाजूला बसून मशीन चालवते. बाईला त्रास कमी होतो."

मैनाबाईंनी पदरानं फ्रेमची काच पुसली.

"अकोल्याची डाक्टरीन रोज कपाळावर हात ठेवून इचारे, बरं वाटते काय, माय?"

प्राजक्तानं कार्ड पुन्हा खणात ठेवलं.


"तू हातच नाई लावत, तं तुयाकडं येऊन काय करू?"